जुन्या लॅपटॉपवर विंडोज अपग्रेड अडकलं तर काय करायचं

खानापूरहून मावशीचा फोन आला तेव्हा बाहेर धो धो पाऊस सुरू होता. "अरे, अपडेट होऊलालंय म्हणून रात्रभर तसंच ठेवलंय, पण टक्का काय पुढं सरकंना." लॅपटॉप २०१९ ला घेतलेला, आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. तिच्या महिला मंडळाचा सगळा कारभार त्यात: २००९ पासूनची इतिवृत्तं, बचतीच्या नोंदी, कर्जाचे हप्ते. मी तिला आधी विचारलं, "कडेचा छोटा दिवा लुकलुकतोय का?" ती म्हणाली, "हो, अधनंमधनं." मग मी म्हटलं, "तसंच राहू दे. चार्जर काढू नकोस, बटन दाबू नकोस."

हा लेख अशाच घरांसाठी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात एकच लॅपटॉप मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, उताऱ्याची कामं आणि मंडळाची कागदपत्रं असं सगळं ओढत असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, म्हणून अनेकांनी घाईघाईनं विंडोज ११ कडं मोर्चा वळवला. घाई नको. विंडोज १० वर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, त्याची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर होते. एवढ्या मुदतीत नीट तयारी करता येते. माझ्या अनुभवात जुन्या मशीनवरचं अपग्रेड बहुतेक वेळा तयारीत राहिलेल्या खोटीमुळं बिघडतं.

आधी मशीन ओळखा

विंडोज की आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एम एस आय एन एफ ओ ३२ अशी अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा. एक मोठी यादी उघडते. त्यात चार गोष्टी बघून कागदावर लिहून घ्या: प्रोसेसर, रॅम, बायोस मोड (बायोस म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारी मूळ व्यवस्था) आणि सिक्युअर बूट (चालू होताना अनोळखी प्रणाली रोखणारी सोय).

प्रोसेसरचं नाव वाचायची एक खूण आहे. आय५-५२००यू असं लिहिलं असेल तर ५२०० मधला पहिला ५ म्हणजे पाचवी पिढी. आय५-८२५०यू असेल तर आठवी. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा असेल तरच विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये रायझन ३००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात. त्याशिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार), सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम ही मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरमधली एक सुरक्षा व्यवस्था. ती बघायला पुन्हा विंडोज की आणि आर, मग टी पी एम डॉट एम एस सी. खिडकीत खाली आवृत्ती २.० दिसली की झालं.

"टीपीएम सापडलं नाही" असं आलं तरी लगेच निराश होऊ नका. कित्येक लॅपटॉपमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या मशीनवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम. डेल आणि एसरवर चालू करताना एफ २, एचपीवर एफ १०, लेनोव्होवर एफ २ किंवा कडेचं बारीक नोव्हो बटन दाबून बायोस उघडतं.

बायोसला हात लावण्याआधी एक काम मात्र करायचंच. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या फायलींना कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. नाहीतर बायोसमधला बदल जतन केल्यावर लॅपटॉप तीच की मागतो, आणि ती नसेल तर आतल्या फायली कुलूपबंद राहतात. हे खातं बऱ्याच घरांत मुलानं किंवा पुतण्यानं कधीतरी काढून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. तो प्रश्न आजच सोडवून ठेवा.

फायली बाहेर काढा, आणि फॉन्टसुद्धा

डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो हे सगळे काढतात. राहतात त्या वेगळ्याच गोष्टी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, टॅली उघडून त्याचा मार्ग बघावा लागतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचा सेटअप, प्रिंटर-स्कॅनरचा ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर), मुलांच्या परीक्षेची हॉल तिकिटं हेही ध्यानात ठेवा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत आणि महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर अशी काळजी घ्या. प्रत घेतल्यावर दोन-चार फायली तिथूनच उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नाही.

आता फॉन्टचं. या एका गोष्टीनं आमच्या भागात जितकं नुकसान होतं तितकं दुसऱ्या कशानं होताना मी पाहिलं नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरनं व्हायचं आणि कन्नड नुडीनं किंवा बरहानं. त्या काळच्या फायलींमध्ये मराठी अक्षर खऱ्या अर्थानं साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचं रूप चढवतो. फॉन्ट गेला की रूप गेलं, आणि उरतो चिन्हांचा चिवडा. विंडोज आहे तसंच ठेवून वर चढवलं, तर फॉन्ट सहसा टिकतात. डिस्क पुसून कोरं विंडोज घातलं, की ते जातात.

मावशीच्या लॅपटॉपवर शेवटी मला कोरंच विंडोज घालावं लागलं आणि ही चूक मी स्वतः केली. सगळ्या फायली नीट परत ठेवल्या, मावशीनं १५ ऑगस्टच्या सभेचं इतिवृत्त उघडलं आणि पडद्यावर नुसत्या टिंबं-टोप्या, उलटे प्रश्नचिन्ह, तुटकी अक्षरं. ती काही बोलली नाही, फक्त चष्मा काढून पुसला. नशीब की जुनी हार्ड डिस्क मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. यूएसबी केबलनं ती जोडली, तिच्यातल्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून मराठी फॉन्ट उचलले, एकेकावर उजवी क्लिक करून इन्स्टॉल केले. इतिवृत्त पुन्हा मराठीत आलं. तेव्हापासून मी कुणाच्याही लॅपटॉपला हात लावला की सगळ्यात आधी फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो.

वाचण्यापुरते फॉन्ट पुरतात, पण त्याच पद्धतीनं पुढं टाइप करायचं असेल तर मूळ सॉफ्टवेअरचा सेटअप आणि असेल तर त्याचा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लॅपटॉपला लावायची छोटी किल्ली) लागतो. तो शोधून ठेवा. जमेल तेव्हा जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर "कार्य", "तऱ्हा", "क्षेत्र", "विनिमय" असे शब्द मुद्दाम तपासा, कारण जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर आणि पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप केलेली असते, आणि बदलताना नेमकी हीच ठिकाणं सरकतात. कर्जाच्या नोंदीत नाव सरकलं तर उगीच भांडण.

डिस्क आजारी आहे का बघा

जुन्या लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी थकते ती फिरणारी हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक मोफत साधन आहे. ते उघडलं की निळ्या रंगात गुड, पिवळ्यात कॉशन किंवा लाल रंगात बॅड असं लिहून येतं. कॉशन दिसलं तर अपग्रेड तिथंच थांबवा. अपग्रेडमध्ये डिस्कवर हजारो फायली लिहिल्या-पुसल्या जातात, आणि आजारी डिस्कला तो भार पेलत नाही.

अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच जागी बसते. २५६ जीबीची पुरते. माझं स्पष्ट मत आहे: पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते एसएसडीवर घाला, आणि उरले तर ४ जीबी रॅम वाढवा. फिरणाऱ्या डिस्कवर चढवलेलं नवं विंडोज चालू व्हायलाच चहा पिऊन होतो.

सुरू करण्याआधीची छोटी कामं

सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी जागा मोकळी करा. डाउनलोड्समधले जुने व्हिडिओ आणि डिस्क क्लीनअपमधून निघणारा कचरा गेला की बऱ्याचदा तेवढी जागा होते.

घड्याळ बघा. लॅपटॉप चार्जरवरून काढला की तारीख मागं जात असेल, तर आतला छोटा बटन सेल संपलाय. तारीख चुकीची असली की अपडेटच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही आणि भलतीच चूक दिसते.

बाहेरचं अँटिव्हायरस काढून टाका, नुसतं बंद करू नका. प्रिंटर, स्कॅनर, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड सगळं काढा. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करा आणि झाकण मिटलं तरी काही होणार नाही असं ठेवा.

करंटचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जुन्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटंही टिकत नसेल तर तो केवळ चार्जरवर चालतो, आणि करंट गेला की अपग्रेडच्या मध्यात बंद पडतो. जांबोटी-कणकुंबीसारख्या धो धो पावसाच्या भागात पावसाळ्यात हे काम करूच नका. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच्याकडं लॅपटॉप घेऊन जा, सकाळी लवकर सुरू करा.

इंटरनेटचंही तसंच. विंडोज ११ ची फाइल पाच जीबीच्या वर जाते. मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती अर्ध्यात अडकते. ज्याच्याकडं फायबर आहे त्याच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि ८ जीबी किंवा मोठ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर त्यातून विंडोज ११ चा सेटअप तयार करा. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा. कुणी "तयार" पेनड्राइव्ह देतो म्हणाला तर घेऊ नका. बँकेचा ओटीपी ज्या मशीनवर टाकणार, त्यात कुणाच्या हाताखालून गेलेलं विंडोज नको.

मग चालू विंडोजमध्येच पेनड्राइव्ह लावा, आतली सेटअप फाइल उघडा आणि फायली व ॲप ठेवण्याचा पर्याय निवडा.

टक्का अडकला तर

फिरणाऱ्या डिस्कवर एकेका टक्क्याला तास लागणं नवल नाही. बघायचं ते दिव्याकडं, टक्क्याकडं नाही. डिस्कचा दिवा लुकलुकतोय किंवा कान लावल्यावर आतून कुरकुर ऐकू येते, तोवर काम चाललंय. मावशीचा तसाच लुकलुकत होता, म्हणून मी तिला थांबवलं. सकाळच्या बसनं खानापूरला पोचलो तेव्हा पडद्यावर बदल मागं घेत असल्याची ओळ आली होती. ही ओळ दिसली की घाबरू नका. नवीन जमलं नाही म्हणून विंडोज स्वतःच जुनी व्यवस्था परत बसवत असतं. त्या वेळी बटन दाबलं तर मात्र ना जुनं राहतं ना नवं.

दिवा पूर्ण मेलेला, आवाज नाही, टक्का तीन-चार तास तसाच असेल, तरच बटन दहा सेकंद दाबून बंद करा आणि पुन्हा चालू करा. सहसा ते आपोआप मागं फिरतं.

कोड काय सांगतो

फसल्यावर एक कोड येतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पडद्यावर तो रोमन अक्षरांत असतो, मी इथं उच्चारानं लिहितो.

झीरो एक्स सी १९००१०१ नं सुरू होणारा कोड सगळ्यात जास्त भेटतो, आणि मावशीच्या लॅपटॉपवरही हाच होता. अर्थ असा की कुठला तरी ड्रायव्हर आड आलाय. तिच्याकडं स्कॅनर लावलेलाच होता आणि मुदत संपलेलं अँटिव्हायरस आत बसलेलं होतं. दोन्ही काढले. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून त्याच मॉडेलचे ग्राफिक्स आणि वाय-फायचे ड्रायव्हर घेतले. पुन्हा केलं, तरी फसलं. मग डिस्क तपासली तर कॉशन. ही तपासणी मी पहिल्यांदा करायला हवी होती. म्हणूनच वर ती आधी सांगितली. त्यानंतर एसएसडी, कोरं विंडोज आणि फॉन्टची ती कथा.

झीरो एक्स ८००७००७० म्हणजे जागा कमी. झीरो एक्स ८००७२एफ८एफ म्हणजे तारीख-वेळ किंवा सुरक्षित जोडणीची गडबड, आधी घड्याळ लावा. झीरो एक्स सी १९००२०८ आला तर एखादं जुनं ॲप नव्या विंडोजशी जुळत नाही, ते काढून टाका. झीरो एक्स सी १९००२०० म्हणजे मशीनच किमान अटीत बसत नाही, तिथं पुन्हा पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही. झीरो एक्स ८००एफ०९२२ आला की व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) बंद करून बघा. तरीही आला तर विंडोजनं स्वतःसाठी राखलेला छोटा भाग भरलेला असतो, आणि तो मोकळा करायचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

अपग्रेड होऊन पडदा काळाच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार की एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो आणि कधी कधी चित्र परत येतं. चालूच होत नसेल तर चालू होताना बटन दाबून तीनदा बंद करा. पुढच्या वेळी दुरुस्तीचं पान येतं. त्यात प्रगत पर्यायांतून स्टार्टअप दुरुस्ती, मग सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज चालू करणं), आणि शेवटी आलेलं मोठं अपडेट काढून टाकण्याचा पर्याय या क्रमानं जा.

झाल्यावर

वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेथरिंग (मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा. तेवढ्यावर विंडोज अपडेट ड्रायव्हर ओढून घेतं.

सेटिंग्जमध्ये भाषांच्या पानावर मराठी आणि कन्नड दोन्ही जोडा. विंडोज की आणि स्पेसबारनं कीबोर्ड बदलतो. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर टाइप करणाऱ्यांसाठी फोनेटिक आहे, पण मी इन्स्क्रिप्टच (भारतीय लिपींसाठी ठरवलेला कीबोर्ड) शिकवतो, कारण दोन्ही भाषांत अक्षरांच्या जागा त्याच असतात. के दाबलं की मराठीत क आणि कन्नडमध्येही कन्नडचा क. शिफ्ट आणि एन म्हणजे दोन्हीकडं ळ. एकदा बोटांना सवय झाली की नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयाचा) कन्नड अर्ज आणि मंडळाची मराठी नोटीस एकाच हातानं होते. मावशीनं दोन आठवड्यांत हे उचललं.

जुन्या विंडोजकडं परत जायचं असेल तर दहा दिवसांची मुदत असते, सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत तो पर्याय मिळतो. तोवर विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर पुसू नका. या दहा दिवसांत प्रिंट काढून बघा, टॅली उघडा, डिजिटल सही करून बघा, फॉन्टच्या फायली उघडा. कोरं विंडोज घातलं असेल तर हा परतीचा रस्ता नसतो, म्हणून जुनी डिस्क निदान सहा महिने सांभाळा.

मशीन अटीत बसतच नसेल तर

अटी चुकवून विंडोज ११ घालायच्या युक्त्या आहेत. त्या कशा वापरायच्या ते मी सांगू शकतो, पण दुकानाच्या, मंडळाच्या किंवा बँकेच्या कामाच्या लॅपटॉपवर मी त्या वापरत नाही. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातल्या लॅपटॉपवर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत.

मुलांचा अभ्यास, यूट्यूब, ऑनलाइन अर्ज एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घाला. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, आणि तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर सुखानं चालते. पेनड्राइव्हवरूनच, काहीही न पुसता, आधी चालवून बघता येते. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का हे तिथंच तपासा आणि मगच घाला. टॅली, जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका. त्या लॅपटॉपवर विंडोज १० ची वाढीव अपडेट घ्या आणि ऑक्टोबर २०२६ च्या आत अटीत बसणारं दुसरं मशीन बघा, आठव्या पिढीचं जुनं घेतलं तरी चालेल.